सत्तेचाळिसावी बैठक

घड्याळमावशींना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की उत्तर यायचं, "सहा दहाला उठले. डावा गुडघा जिना उतरताना दुखला, चढताना नाही. चहा अर्धा कप घेतला." आता यावरून बाई बऱ्या आहेत की नाहीत, हे ज्याचं त्याने ठरवावं. गळ्यातल्या दोरीला एक जुनं घड्याळ लटकवलेलं असायचं आणि कुठलीही हकिकत सांगायच्या आधी हात तिकडे जायचा. इमारतीतल्या पोरांनी नाव ठेवलं घड्याळमावशी. ते इतकं चपखल बसलं की टपालवालासुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून खाली विचारायचा, "या कोण राहतात इथे?"

त्या भाच्याकडे राहायच्या. भाच्याला मावशींनीच वाढवलेलं, त्यामुळे त्याला सवय होती. खरी कसोटी लागली भाचेसुनेची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मोठ्या हौसेने स्वयंपाक केला आणि विचारलं, "मावशी, कसं झालंय?" मावशी म्हणाल्या, "मीठ कमी आहे. भात खाली लागलाय. तू मघापासून तीनदा माझ्या तोंडाकडे पाहिलंस." पोरगी आत जाऊन रडली. मग महिन्याभराने तिच्या लक्षात आलं, की आपण काय करतो ते या घरात खरोखर बघणारं माणूस एकच आहे आणि ते हेच आहे. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं.

ही खोड मावशींची जन्मजात नव्हती, लावलेली होती. लावणारा एक रसायनशास्त्रज्ञ. त्याला सगळे सर म्हणायचे.

सरांचं नाव काढलं की अजूनही लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, भिंतीतून रंग वाहताना दिसतील असली द्रव्यं बनवून स्वतःच गिळणारा विक्षिप्त. दुसरा म्हणतो, द्रष्टा. दोन्ही तटांतल्या एकानेही सरांच्या प्रयोगशाळेतला एक चंबू धुतलेला नाही, पण मतं मात्र ठणठणीत. मावशींनी अकरा वर्षं चंबू धुतले आणि त्यांना मत विचारायला कुणी आलं नाही.

रंगांच्या कारखान्यातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून सरांनी घरामागच्या दोन खोल्यांत प्रयोगशाळा मांडली होती. तेव्हा त्या द्रव्यांवर बंदी नव्हती. ती घेतल्यावर माणसाला नसलेलं दिसतं, असलेलं वेगळं दिसतं, आणि कधीकधी वर्षानुवर्षं मनात रुतून बसलेली भीती सैल होते, असं सरांना वाटत होतं. पण नुसत्या वाटण्याला सरांच्या लेखी दिडकीची किंमत नव्हती, म्हणून ते सिद्ध करायच्या मागे लागले होते.

मावशी तेव्हा तिशीत. नवरा गेलेला, बहिणीमागे तिचं लहान पोर पदरात. भांडी घासणारीने काचा धुवायला काय हरकत आहे, म्हणून कामावर लागल्या. पहिल्या दिवशी धुतलेले सगळे चंबू सरांनी परत केले.

"लख्ख तर आहेत," मावशी म्हणाल्या.

सरांनी एका चंबूत पाणी घालून ते ओतून टाकलं आणि चंबू उजेडात धरला. आतल्या बाजूला चारपाच थेंब चिकटून राहिले होते. "स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरत नाही. सरळ एकसारखं ओघळून जातं. थेंब अडला की समजायचं, तिथे काहीतरी आहे. आपल्याला दिसो न दिसो." मावशींनी सगळे चंबू पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सर काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं होतं.

नवं द्रव्य तयार झालं की सर आधी ते स्वतः घ्यायचे, अगदी थोडं. त्या दिवसाला म्हणायचे बैठक. बैठकीत शेजारी कुणीतरी शुद्धीवरचं माणूस लागे. त्याने खुर्ची सोडायची नाही, आपणहून बोलायचं नाही, हात लावायचा नाही, आणि दिसेल ते वेळेसकट वहीत उतरवायचं. बसायला येणारा विद्यार्थी एके दिवशी आलाच नाही, तेव्हा सरांनी साबणाच्या हातांनी उभ्या असलेल्या मावशींना बोलावलं. शिक्षण बेताचं, पण अक्षर वळणदार. पहिल्याच बैठकीत मावशींनी लिहिलं, "सर घाबरले." सर भानावर आले आणि त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मी घाबरलो हे तुला कुठे दिसलं?"

"तोंडावर."

"तोंडावर काय दिसलं?"

मावशींनी आठवून सांगितलं, डोळे मोठे झाले होते, ओठ कोरडे, उशीचं टोक मुठीत धरलेलं.

"मग ते लिही. भीती दिसत नाही, मूठ दिसते. आनंद दिसत नाही, हसू दिसतं. तू मूठ लिहायची, भीती होती की नाही ते मी ठरवीन. आणि जे त्या वेळी लिहिलं नाहीस ते घडलंच नाही असं धरायचं. मागाहून आठवून भर घालायची नाही."

एवढंच शिक्षण. पण ते हाडीमाशी खिळलं. पुढच्या वह्यांत अशा नोंदी सापडतात: "अकरा सोळा ते अकरा अडतीस, स्वतःच्या बुटाकडे पाहून हसले." "बारा दोन, टेबलाच्या पायाला 'बसा ना' म्हणाले. टेबलाने उत्तर दिलं नाही." ही शेवटची नोंद वाचून सर गंभीरपणे म्हणाले होते, "बरं झालं लिहिलंस. टेबल बोललं असं मला आठवत होतं."

पुढे कायदा झाला, बंदी आली, माणसं येऊन कपाटांना सील ठोकून गेली. वर्तमानपत्रांनी सरांवर तोंडसुख घेतलं. त्यानंतर सर फार दिवस जगले नाहीत. मावशी एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. बसणं मात्र सुटलं नाही. इमारतीत कुणी अंथरुणाला खिळलं, की घरचे म्हणायचे, "मावशी, जरा येऊन बसाल?" मावशी वही घेऊन जायच्या. डॉक्टर आले की घरच्यांचं रडगाणं बाजूला ठेवून आधी मावशींकडे वळायचे, कारण ताप कधी चढला आणि माणूस किती वेळा पाणी प्यायलं हे मावशी सांगणार आणि त्यात पदरचं काही नसणार.

अशा या बाईने जन्मात एकदाच खोटं लिहिलं होतं. ते कुणालाही माहीत नाही, अशी त्यांची चाळीस वर्षं समजूत होती.

ती समजूत मोडायला एक डॉक्टरीण घरी आली. वय तिशीचं, पाठीवर पिशवी, बोलण्यात घाई, आणि पायातले बूट दारात सोडताना एक इकडे एक तिकडे. ती एका मोठ्या रुग्णालयात होती. बंदी आता सैल झाली होती आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसांची भीती सरांच्या द्रव्याने कमी होते का, हे तिथे रीतसर परवानगीने पाहायचं होतं. सरांच्या वह्या सीलबंद कपाटांतून सुटून तिच्या हाती आल्या होत्या. तिने वहीतल्या पानांच्या प्रती टेबलावर मांडल्या.

"मावशी, हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"काय सुंदर नोंदी आहेत हो! आमच्याकडे यंत्रं आहेत, पण असं कुणाला लिहिता येत नाही." आणि तिने एक पान पुढे सरकवलं. "मला विचारायचं आहे ते या बैठकीबद्दल. सत्तेचाळिसावी."

मावशींनी चष्मा लावला नाही. त्या पानावर काय आहे ते त्यांना पाठ होतं. इतर बैठकींच्या नोंदी चारचार पानं चालायच्या. या पानावर औषध घेतल्याच्या वेळेखाली, खोडलेल्या दोन ओळी सोडल्या, तर एकच ओळ होती: "दहा ते दीड, शांत. विशेष काही नाही."

"या सरांच्या पत्नी ना?" डॉक्टरीण म्हणाली. "बाकी सगळ्या बैठकी धडधाकट माणसांच्या. दुर्धर आजार असलेलं माणूस हे एकच. आणि साडेतीन तास शांत! कुणी बोललं नाही, कुणी हात लावला नाही, तरी शांत. मी आमची सगळी आखणी यावरच केलीय. रुग्ण खोलीत एकटा, कानाला मंद संगीत, आम्ही बाहेर कॅमेऱ्यातून बघणार. आत कुणीच नाही. म्हणजे जो गुण येईल तो औषधाचाच, शेजारच्या माणसाचा नाही. सोमवारी पहिला रुग्ण येतोय. सुतार आहेत. घाबरलेत फार, दार बंद झालं तरी त्यांना दम लागतो."

मावशींचा हात गळ्यातल्या घड्याळाकडे गेला.

"फक्त एक घोळ आहे. सरांच्या शेवटच्या तक्त्यात ही बैठकच नाही. सेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस. एवढा काटेकोर माणूस विसरेल कसा? त्या बैठकीचा साक्षीदार म्हणून तुम्हीच हयात आहात. 'ही नोंद खरी आहे' असं लिहून सही दिलीत, तर समिती ती धरायला तयार आहे."

"तक्ता दाखवा," मावशी म्हणाल्या. आता त्यांनी चष्मा लावला. सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये, समासात, सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले तीन शब्द होते. साक्ष ग्राह्य नाही.

"ते काय आहे ते आम्हालाही कळलं नाही," डॉक्टरीण म्हणाली.

मावशींना कळलं. अकरा वर्षांत त्यांनी कधी "शांत" लिहिलं नव्हतं. शांत दिसत नाही. सैल बोटं दिसतात, मिटलेल्या पापण्या दिसतात. ज्या माणसाने त्यांना हे शिकवलं त्याच्याच हातात त्यांनी तो शब्द दिला होता आणि तो ओळखणार नाही असं धरून चालल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मावशींची मूठ झाकलेलीच होती, पण समोरच्याने आत काय आहे ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्या हातचा चहा प्यायला, एका शब्दाने बोलला नाही.

"शनिवारी मी तिकडे येते," मावशी म्हणाल्या. "खोली बघते, मग सहीचं."

डॉक्टरीण गेल्यावर भाचेसुनेने कप उचलले. मावशींचा चहा तसाच होता. तिने कप पुन्हा खाली ठेवला आणि समोर बसली. मावशी बोलतील तेव्हा बोलतील, इतपत तीही आता बसायला शिकली होती. आणि मावशींनी चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं तिला सांगितलं.

सरांची बायको, म्हणजे वहिनी, तोंडाच्या फटकळ. प्रयोगशाळेला त्या सवत म्हणायच्या. पोटातली गाठ कळली आणि डॉक्टरांनी चार महिने सांगितले, तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं. अन्न जाईना. कुणी खोलीतून उठलं की लगेच, "कुठे चाललीस?" एके दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "जगाची भीती घालवायला निघालात आणि घरात दिव्याखाली अंधार. मला द्या ते." सर पंधरा दिवस नाही म्हणत राहिले आणि सोळाव्या दिवशी हो म्हणाले. पण नात्यातल्या माणसाने बसायचं नाही हा त्यांचाच नियम. ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. आत पलंगावर वहिनी आणि खुर्चीवर वही घेऊन मावशी.

दहाला औषध दिलं. साडेदहाच्या सुमाराला वहिनींची पाचावर धारण बसली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी चादरीचा बोळा दातांत धरला होता. मग तो काढून म्हणाल्या, "हात दे गं. मी पडतेय." मावशी लिहीत होत्या, आणि वहिनींनी नेमका तोच लिहिता हात ओढून घेतला. हात लावायचा नाही, हा नियम मावशींना माहीत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात दिला.

दोन तास त्या हाताला सुटका नव्हती. वहिनी बोलत होत्या. मूल हवं होतं. सर म्हणाले आधी काम, मग बघू. तो "मग" कधी उगवलाच नाही. लग्नाच्या आठव्या वर्षी त्या बॅग भरून घर सोडून निघाल्या होत्या आणि दुपारी परत आल्या, तरी सरांना पत्ता नव्हता, ते चंबूवर नजर लावून बसलेले. "मी मेले तरी यांना संध्याकाळी कळेल," त्या म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या हुंदके देत राहिल्या. मावशींच्या मनगटावर नखं रुतली. त्या फक्त "हो" म्हणत होत्या, तेही बहुधा नियमाबाहेर.

साडेबारानंतर पकड सैल झाली. वहिनी घामाने भिजल्या होत्या. बराच वेळ छताकडे बघत राहिल्या आणि हसल्या. "गेलं," म्हणाल्या. काय गेलं ते सांगितलं नाही. एक वाजता पाणी मागितलं, मग म्हणाल्या भूक लागलीय. आणि दीडला सर दार वाजवणार, त्याच्या जरा आधी मावशींकडे वळल्या. "यांना यातलं काही कळू देऊ नकोस. मी गेल्यावर हे ती वही रोज काढून वाचतील. माझा राग केव्हाच उतरला, पण कागदावरचा उतरायचा नाही."

मावशींनी वहीकडे पाहिलं. साडेदहानंतर एक अक्षर नव्हतं, लिहिणार कुठल्या हाताने? त्या वेळी लिहिलं नाही ते घडलंच नाही, हा सरांचाच नियम. मग खोटं कुठे आहे, असा त्यांनी मनाशी हिशेब लावला. साडेदहापर्यंतच्या दोन ओळींवर आडवी रेघ ओढली आणि ते एक वाक्य लिहिलं. सरांनी उभ्या उभ्या वाचलं. "बरं," म्हणाले आणि वही मिटली.

वहिनी पुढे सात आठवडे जगल्या. जेवल्या, भांडल्या, शेजारणींची नक्कल करून दाखवली. मावशी जवळ बसल्या की म्हणायच्या, "जा गं, कामं नाहीत का तुला?" त्या घरात पुन्हा कुणाला "कुठे चाललीस" ऐकू आलं नाही.

"म्हणजे औषध लागू पडलं होतं," भाचेसून म्हणाली.

"पडलं होतं. आणि ज्या माणसाने जन्म घालवला त्या औषधापायी, त्याच्या तक्त्यात त्याचीच बायको नाही. माझ्यामुळे." मावशींनी कप दूर सरकवला. "त्यांनी एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं गं."

"म्हणूनच नाही विचारलं त्यांनी," भाचेसून म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. आपण लपवायला गेलो आणि लपवण्यासारखं काहीतरी आहे एवढं मात्र सरांना सांगून बसलो. काय बोलली असेल आपली बायको साडेतीन तास? वाचायला काही नसताना माणूस मरेपर्यंतची चार वर्षं काय काय वाचत बसला असेल? हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत आणि भाचेसुनेने आग्रहही केला नाही.

पुढचे दोन दिवस मावशींनी सहीचा विचार केला. सही दिली तर सरांच्या कामाला इतक्या वर्षांनी मान मिळत होता, आणि सरांच्या कामाला मान मिळावा यासाठी मावशींनी डावा गुडघाही देऊन टाकला असता. पण सोमवारी एका सुताराला बंद खोलीत एकट्याला ठेवणार होते, आणि तेही मावशींच्या अक्षराच्या भरवशावर. वहिनींना शब्द दिला होता, पण तो सरांपुरता. सर आता वाचायला येणार नव्हते.

शनिवारी पावणेअकराला त्या रुग्णालयात पोहोचल्या. डॉक्टरिणीने खोली मोठ्या कौतुकाने दाखवली. फिकट भिंती, मऊ पलंग, जाड पडदे, छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. पलंगाच्या दांडीला घंटीचं बटण होतं.

"भीती वाटली तर हे दाबायचं," डॉक्टरीण म्हणाली.

"बटण कुठे आहे ते तेव्हा आठवत नाही," मावशी म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या, कारण खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. "डॉक्टर, मी सही देणार नाही. ती नोंद खोटी आहे. सरांनी ती विसरून नाही, जाणून वगळली."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दहा, साडेदहा, साडेबारा, एक, दीड. डॉक्टरीण आधी उभी होती, मग जमिनीवरच बसली. सांगून होईपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिच्यातली अभ्यासू बाई जागी झाली.

"मावशी, मी हे तक्त्यात घेऊ शकत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण ही नोंद होत नाही."

"घेऊच नका. मीही घेतली नसती. सरांनी काढली ते बरोबर काढली. तक्त्यात नको, या खोलीत घ्या. त्या सुताराजवळ कुणाला तरी बसवा."

"पण शेजारी माणूस बसलं, हात धरला, की गुण औषधाचा की हाताचा, कसं कळणार?"

"मग हात धरला असं लिहा," मावशी म्हणाल्या. "किती वाजता धरला, किती वेळ धरला, कोणी मागितला. मला एवढंच तर करायचं होतं. मी हात दिला ते चुकलं नाही हो. मी ते लिहिलं नाही, ते चुकलं. त्या बोलल्या ते हवं तर राहू दिलं असतं, पण 'हात मागितला, दिला, दोन तास' एवढं लिहायला मला कुणी अडवलं होतं? सरांना कळलं असतं, की ती एकटी नव्हती. एवढं तरी त्यांना कळलं असतं."

इथे मावशींना पुढे बोलता येईना. डॉक्टरिणीने पिशवीतून कोरा कागद काढला, वर आजची तारीख घातली आणि मावशींनी सांगितलेलं एका दमात उतरवून काढलं. मग वाचून दाखवलं. बैठक, वेळा, हात, पेन, वहिनींचं "गेलं", सगळं नीट आलं होतं. शेवटी तिने लिहिलं होतं, "हे सांगताना साक्षीदाराला थोडं वाईट वाटलं, पण एकंदरीत त्या शांत होत्या."

"हे काय?" मावशी म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"मी शांत होते हे तुम्हाला कुठे दिसलं?"

डॉक्टरीण ओशाळली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, मावशी. कागद समितीपुढे जाणार. उगाच कशाला..."

"मीही मनाशी असंच म्हणाले होते." मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. "अकरा एकोणचाळीस. काय दिसलं ते लिहा."

डॉक्टरिणीने शेवटच्या ओळीवर आडवी रेघ ओढली. खाली लिहिलं, "अकरा एकोणचाळीस. साक्षीदार बोलायच्या थांबल्या. चष्मा काढला. डोळे दोनदा पुसले. ओठ हलतात, आवाज नाही." लिहिता लिहिता तिचा डावा हात आपसूक पलंगाकडे गेला आणि मावशींच्या हातावर जाऊन बसला. मावशींनी तो घट्ट धरला. चाळीस वर्षं इतरांच्या उशाशी बसलेली बाई, तिच्याशेजारी असं कुणी बसल्याचं तिला आठवत नव्हतं. डोळे पुन्हा भरून आले आणि या खेपेला त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आता हेही लिही," मावशी म्हणाल्या. 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी आलं ते दोघींनाही कळलं नाही.

डॉक्टरिणीने उजव्या हाताने लिहिलं, "अकरा बेचाळीस. हात धरला." आणि पेन तसंच धरून वर पाहिलं. "किती वेळ, ते काय लिहू?"

"थांब की जरा," मावशी म्हणाल्या. "अजून सोडलेला नाही."